नावाड्याचा मंगळवार

कथाखेळावर ब्लॉग लिहितो म्हटलं की लोक आधी विचारतात, "म्हणजे काय करता?" मी जीव तोडून समजावतो. मग विचारतात, "ते ठीक आहे हो, पण काम काय करता?" काम मी भिलाईत सिव्हिक सेंटरला विम्याच्या ऑफिसात करतो, आणि त्याबद्दल मात्र आजवर कोणीही मला दुसरा प्रश्न विचारलेला नाही.

खेळ असा. शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण माझ्या क्वार्टरात जेवणाच्या टेबलाभोवती बसतो. मी गोष्ट सांगणारा. समोर नदी आहे, पूल तुटलाय, पलीकडे शत्रूची माणसं दबा धरून आहेत, असं मी म्हणायचं. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीनं सांगायचं, आता आम्ही काय करतो. जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. फाशांना वीस बाजू असतात. त्यामुळे शेजारचे काका बरीच वर्षं आमच्याकडे जुगार चालतो असं समजत होते. टेबलावर पैसे कधीच दिसले नाहीत, म्हणून तर त्यांचा संशय जास्तच पक्का झाला.

शनिवारी जे घडलं ते मंगळवारी सकाळी ब्लॉगवर टाकायचं, हा नियम माझ्या मित्रामुळे सुरू झाला. शाळेपासूनचा मित्र, आमच्या टेबलावरचा सगळ्यात भारी खेळाडू. त्याचं पात्र एक नावाडी होतं, तोंडाळ आणि कर्जात बुडालेलं. मित्राला बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा ठरलं की मंगळवारी त्यानं वाचायचं आणि शुक्रवारपर्यंत फोनवर कळवायचं, नावाडी पुढे काय करतो ते. जाताना त्यानं आईच्या मोबाईलवर माझा ब्लॉग उघडून दिला. म्हणाला, "आई, याच्यात दर मंगळवारी माह्यी खबर येत जाईन." तो हसला, मीही हसलो. काकू हसल्या नव्हत्या, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात येतं!

ब्लॉगवाल्या जगात एक शब्द फार चालतो: सातत्य. दर आठवड्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. ज्यानं हा शब्द काढला त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत आणि दाढही दुखत नसावी. सोमवारी ऑफिसातून कुम्हारीच्या एखाद्या ग्राहकाकडे जाऊन, ट्रकांची धूळ खाऊन घरी यायचं आणि नावाड्यानं वल्हं कसं मारलं ते लिहायला बसायचं. माझे वाचक मोजकेच. त्यातले एक पुण्याचे गृहस्थ मजकुराबद्दल अवाक्षर बोलत नसत. पोस्ट किती उशिरा आली, तेवढं मात्र न चुकता कळवत.

आणि मित्र? सुरुवातीला शुक्रवारी त्याचा लांबलचक निरोप यायचा. नावाडी असा म्हणतो, तसा थुंकतो, अमक्याला असा गंडवतो. मग दोन ओळी यायला लागल्या. मग नुसता अंगठा. शेवटी, "यार, तूच चालव त्याले. इकडं लय काम आहे."

आमच्या खेळात तशी रीत आहे. खेळाडू आला नाही तर त्याचं पात्र गोष्ट सांगणाऱ्यानं चालवायचं, पात्र बसून राहता कामा नये. भिलाईच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. स्टील प्लांटमध्ये पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आला नाही की असेल त्यानं दुसरी शिफ्ट ओढायची, आमच्या बापांनी जन्मभर तेच केलं. मीही नावाड्याची शिफ्ट ओढायला लागलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, शुक्रवारची वाट बघायची कटकट गेली.

मग एका मंगळवारी मला ताप आला. पोस्ट गेली उडत म्हणून मी पांघरूण घेऊन पडलो. दुपारी दारात ऑटो थांबला आणि काकू उतरल्या. पदर खांद्यावर नीट नाही, पायांत घरातल्या चपला.

"आज मंगळवार आहे ना रे?"

"हो काकू."

"मग त्याचं कावून नाही आलं? काही झालं काय त्याले?"

मी म्हटलं, काकू, तो फोन करत नाही का? तर म्हणाल्या, "करते ना. हो, ठीक आहे, जेवलो. ठेवला. एवढ्यात काय कळते आईले? तुह्या त्याच्यात निदान कळते, आज भांडला, आज कोणाले फसवलं. खेळ आहे हे मले समजते बाप्पा! पण खेळाले पोरगा जागेवर पाहिजे ना. तुझे काका ड्यूटीवर गेले, हजेरी लागली, की मी निवांत. हजेरी लागली म्हणजे माणूस ठीक."

काकांना, म्हणजे मित्राच्या वडिलांना, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरात त्या एकट्या. तेव्हा मी सांगायला हवं होतं की काकू, हजेरी मी लावून राहिलो, पोरगा जागेवर आहे की नाही मले काय माहीत. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मले ताप होता काकू," एवढंच म्हणालो. त्यांचा जीव भांड्यात पडला. मला काढा करून देऊन, जाता जाता म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत टाकशीन ना मग?"

टाकली. तापात.

त्या दिवसापासून माझा मंगळवार चुकला नाही. पुण्याच्या गृहस्थांनीही चकित होऊन दखल घेतली. पण आता नावाड्याला साधं खरचटणंही परवडेना. एका शनिवारी फाशांनी त्याला सरळ मारलाच, बाण गळ्यात. गोष्ट सांगणाऱ्याचे फासे इतरांना दिसू नयेत म्हणून समोर पुठ्ठा उभा असतो, त्याच्या आडून मी ते पाहिले, उचलले आणि जाहीर केलं, "थोडक्यात वाचला." टेबलावर बोंब झाली.

"अबे, याले काय अमरपट्टा भेटला काय?"

"जो खेळाले येत नाही तो मरत नाही, अन् आम्ही येतो तर आमचे हातपाय तुटून राहिले!"

खरंच होतं त्यांचं. पण मी डोळ्यांसमोर काकूंच्या चपला आणून गोष्ट पुढे रेटली. उलट नावाड्याची भरभराट सुरू झाली. कर्ज फिटलं, मग स्वतःची नाव, मग चार नावा, आणि दिवाळीच्या सुमारास मी त्याला अख्ख्या बंदराचा प्रमुख करून टाकला. त्या मंगळवारी काकूंनी गल्लीत पेढे वाटले. मलाही आणून दिले. शेजारणींना नेमकं काय सांगितलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वरून पुण्याहून मजकुराबद्दल पहिल्यांदाच अभिप्राय आला की नावाड्याची व्यक्तिरेखा अलीकडे फार भरीव होत चालली आहे. मी दिवसभर फुगून फिरलो!

हिवाळा सरता सरता एका सोमवारी दुपारी मित्राचा फोन आला. "दुर्गच्या स्टेशनवर आहे. तू ये. घरी नको सांगू."

गेलो. दोन मोठ्या बॅगा, गुंडाळलेली गादी आणि सुतळीनं बांधलेला टेबलफॅन घेऊन तो प्लॅटफॉर्मवर बसला होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. सुट्टीवर येणारा माणूस गादी घेऊन येत नसतो, एवढं मलाही कळतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "किती दिवस आहेस?"

"चाल ना बे," तो म्हणाला.

दार उघडल्यावर काकूंना आनंदानं काय करू नि काय नको झालं. गादीचं कारण विचारायलाही सुचलं नाही. गोळाभात केला, ताटं वाढली आणि समोर बसून सुरुवात केली. "काय रे, तुह्या बंदरावरचे लोक आता तरी ऐकतात काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भातात खड्डा करून तेल ओतत राहिलो.

मग माझा हा मित्र पाठ ताठ करून, जुन्या तोंडाळ आवाजात म्हणाला, "कुठले ऐकतात! एकेकाले दम द्यावा लागते." काकू खळखळून हसल्या. तो रंगात आला. पावसात जहाज कसं वाचवलं, चोराला कसं पकडलं, सगळं जागच्या जागी रचून सांगत होता. त्यानं तो ब्लॉग कित्येक महिने उघडलाही नव्हता. इतका सुंदर खेळ माझ्या टेबलावर कधी झाला नाही.

काकू चहा ठेवायला आत गेल्या, तसा त्याचा चेहरा पडला.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "उन्हाळ्यातच. मग मिळेल, मग मिळेल करत राहिलो. एकदा हिंमत करून आईले फोन लावला, आज सांगूनच टाकतो म्हटलं. म्हटलं, आई, माह्यं इकडं ठीक नाही चालून राहिलं. तर हसली. म्हणे, मजाक नको करू, आजच वाचलं, तू नवी नाव घेतली. तुह्या आवाजावरून नाही कळत, पण त्याच्यावरून मले सगळं कळते." त्यानं ताट बाजूला सारलं. "मग काय सांगणार होतो मी?"

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. तापातसुद्धा चुकू न दिलेले माझे मंगळवार! मी सॉरी म्हणालो असेन, आठवत नाही.

"आज लिही," तो म्हणाला. "बंदर गेलं म्हणून लिही. कुठं तोंड लपवून बसला होता तेही लिही. ती वाचीन, अन् मग बाकीचं मी सांगतो. सुरुवात तेवढी तू करून दे. मले होत नाही."

ती पोस्ट मी फासे न टाकता लिहिली. नावाड्याचं काम उन्हाळ्यातच गेलं होतं, नवी नाव आणि बंदर, सगळं खोटं होतं, लाजेनं त्यानं कोणाला कळवलं नाही, आणि आता तो पायी घरी आलाय. मंगळवारी सकाळी टाकली आणि ऑफिसात फोन समोर ठेवून बसलो. काकूंचा फोन आला नाही. दुपारी राहवेना, तसा उठून त्यांच्याकडे गेलो.

दार काकूंनीच उघडलं. डोळे लाल. आत मित्र भिंतीला टेकून खाली बसला होता, लहान पोरासारखा नाक पुसत.

"मग एवढे महिने तिथं बंदरावर कोण होतं?" काकूंनी विचारलं.

"मी होतो काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, तो असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे एवढे दिवस मी तुह्यी खुशाली वाचून राहिली होती," त्या म्हणाल्या. "अन् माह्या पोरानं स्वतःच्या तोंडानं खरी सांगितली, तर मी हसली त्याले."

मी एक चप्पल काढून, एक पायात ठेवून तसाच दारात उभा राहिलो.