अक्काची खाडी आणि माझी थाप

"आज तिसऱ्या काढल्या," असं अक्का पहिल्यांदा फोनवर म्हणाली तेव्हा मी विचारलं, "मग पहिल्या-दुसऱ्या कुणी नेल्या?" ती इतकी हसली की माझा फोन तापला. तिसऱ्या म्हणजे चिखलातल्या लहान शिंपल्या, आत जीव असलेल्या, हे सोलापूरच्या माणसाला कुठून माहीत असणार? आमच्याकडं पाणीच चार-पाच दिवसांनी येतं, तेही नळाला.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी सोलापूर डेपोत एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर तिला घेऊन कोकणात आपल्या खाडीकाठच्या गावी गेले आणि दोन वर्षांत वारले. मी म्हटलं, परत चल. ती म्हणाली, "न्हाय येत. हितं ओहोटी माझी वाट बघती."

ओहोटी लागली की ती गुडघाभर चिखलात उतरायची, तळपायानं चाचपत तिसऱ्या काढायची. बोटाच्या पेराहून लहान असेल ती परत चिखलात दाबायची. थंडीत तिच्याशेजारीच कालवफोडे उतरायचे. काळे-पांढरे पक्षी, गाजरासारखी लाल चोच. तेही तिसऱ्याच फोडून खायचे. अक्का त्यांना सोलापुरीत दम द्यायची, "ए, तिकडं सरका की! जागा काय तुमच्या बापाची हाय?" आणि ते सरकायचे. देवाशपथ सरकायचे.

सोलापुरात सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवर मात्र मी याचं पार पुराण करून टाकलं. म्हणालो, ते पक्षी उडाले की आभाळ झाकतं आणि बायका पाऊस आला म्हणून वाळवण आत घेतात. म्हणालो, खाडीत पाऊल ठेवायला जागा नाही, तिसऱ्या पायाला गुदगुल्या करतात, एकदा तर माझी चप्पल त्यांनीच उचलून काठावर आणून दिली. टपरीवाला म्हणाला, "मामा, चहा आज फुकट, पण आता बास करा."

एकच माणूस हसला नाही. तो कोंबडीखाद्याचा व्यापारी होता. अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालतात, हे मला फार नंतर कळलं. तो जवळ सरकला. "मामा, ही खाडी कुटं म्हणला?" आयुष्यभराच्या थापांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवत होता. मी असा फुगलो की गावाचं नाव सांगितलं, फाटा सांगितला, आणि ट्रक कुठं वळवता येतो तेही सांगितलं. सगळ्या थापेत पत्ता तेवढा खरा होता.

पुढच्या थंडीत मी अक्काकडं गेलो. ती काठावर नुसती बसली होती. होड्या आल्या होत्या, लोखंडी दाताळी लावून. पावसाळा संपल्यापासून त्यांनी खाडीचा तळ खरवडला, चिखलासकट, पेराएवढ्या पिल्लांसकट, आणि पोती भरभरून नेली. आता पाय घातला की फुटकी कवचं टोचत होती. एक कालवफोडा आला. एकच. चार ठिकाणी चोच खुपसली, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून गेला. मला आकडा फुगवायची सवय; तिथं फुगवायला काही नव्हतंच.

अक्का म्हणाली, "पाटी एमएच तेरा हुती रं ट्रकची. आपल्या सोलापूरची. मला लई आनंद झाला. मी पळत जाऊन पाणी दिलं, भाकरी दिली, वर शेंगाची चटणी. त्यांनी इचारलं, मावशी, तिसऱ्या जास्त कुटं लागत्यात? म्या बोट करून दावलं." ती आपल्या बोटाकडं बघत राहिली. "आता गावच्या बाया माझ्याशी बोलत न्हाईत. बरूबर हाय त्यांचं. मीच घालवली खाडी."

"अक्का, तू न्हाईस. मी सांगितलं त्यांना. सात रस्त्यावर बसून, फाट्यासकट."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले, पण ओठ हलले, हसल्यासारखे.

"गप. माझं मन राखायला काय बी बोलतुस. ल्हानपणापासनं असाच हाईस."

"तुझी शपथ, अक्का."

"शपथा तर तू दर वाक्याला घेतुस."

मी व्यापारी कसा दिसतो ते सांगितलं, कुठल्या बाकावर बसला होता ते सांगितलं. जितकं बारीक सांगत गेलो तितकी ती मान हलवत गेली. शेवटी तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, पदर खोचला आणि फुटक्या कवचांत चाचपायला खाली उतरली. मी काठावर तिच्या चपला हातात धरून उभा राहिलो.