मण्यार आणि कवड्या

शेलार गावात आमच्या शेतातलं भात गेलं आणि गोदामं उभी राहिली. आता तिथे कापडाच्या गाठी असतात, पण साप काही हलले नाहीत. बाबा गोदामाची देखरेख करायचे, आणि काळ्या अंगावर पांढरे पट्टे दिसले की सरळ काठी घालायचे. मी भिवंडीत शाळेत जीवशास्त्र शिकवते. मला ते बघवायचं नाही. एका सुट्टीत मी बाबांनाच विद्यार्थी केलं.

वहीच्या पानावर दोन रकाने आखले. मण्यार नागाच्या कुळातली, जहाल विषारी. कवड्या वेगळ्या कुळातला, बिनविषारी, पाली खाऊन जगणारा. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. प्रदेश जवळपास सारखाच, बहुतेक सगळा भारत. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत दर्जाही एकच: सर्वांत कमी चिंतेचे.

बाबा हसले. "म्हंजी माज्या गोदामात दोगंबी सुखी हायत."

पान त्यांनी दारामागे चिकटवलं आणि काठी खरंच सुटली. मला केवढा अभिमान वाटला होता!

नागपंचमीला आमच्याकडे भाजीसुद्धा चिरत नाहीत. त्या सकाळी आई घरी उकडीच्या तयारीत होती, बाबा गोदामात एकटेच. गाठ सरकवताना साप बोटाला चावला. त्यांनी तो सुपलीत घेऊन बांधावर सोडला आणि मला शाळेत फोन केला.

"बाय, कवड्या चावला. दुखत न्हाय, सूज बी न्हाय."

मण्यार चावली तरी दुखत नाही, सूज येत नाही. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण तासाची घंटा झाली होती. मी घाईत विचारलं, "पट्टे मानेपासूनच होते ना?"

"हां, मानेपासनंच."

उत्तर मीच त्यांच्या तोंडात घातलं. आधी दवाखान्यात जा, एवढंही म्हटलं नाही.

दुपारी त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या. ठाण्याला नेईपर्यंत श्वास थांबला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई अजूनही एकच सांगते, "पोर एवढी शिकलेली. तिला एक फोन केला असता, तं वाचलं असतं."

मी मान खाली घालून चहाचे कप उचलते.