काट्याची बोटं

कारखान्यात तिला सगळे काटा म्हणायचे, वजनाचा काटा. गोठलेली कोळंबी बर्फाच्या पाण्यात बुडवली की तिच्यावर बर्फाचा पापुद्रा चढतो, आणि तो जाड झालाय की पातळ हे ती नुसती बोटांत धरून सांगायची. एकोणीस वर्षं. काट्याने मान डोलावली की पेटी बंद. वितळवून वजन करायच्या भानगडीत कुणी पडायचंच नाही.

पण वर्षभरापासून तिची बोटं मेली होती. पार लाकूड. तव्याला चिकटली तरी कळायचं नाही. हे फक्त सुनेला माहीत, ती शेजारीच उभी असायची. दोघींनी शक्कल काढली. सून कोळंबी चाचपायची आणि टेबलाखालून सासूच्या बुटावर पाय दाबायची. एकदा म्हणजे पातळ, दोनदा म्हणजे जाड.

आधी सगळं खपून जायचं. एका देशाला डोक्यासकट हवी, दुसऱ्याला सोललेली, बर्फाकडे कोण बघतंय! पण दुसऱ्या देशांतली तळ्यातली कोळंबी स्वस्त झाली आणि गिऱ्हाईकं माजली. आता नव्या देशाचा माणूस स्वतः तपासायला येणार होता. दहा टक्क्यांच्या वर बर्फ दिसला की माल परत.

"काटाबाई, आज चुकलात तर टेबल गेलं तुमचं," सुपरवायझर म्हणाला.

"चुकायला मी काय कालची आहे?"

सकाळभर पाय एकदाच दाबला जात होता. एकदा, एकदा, एकदा. पेट्या भराभर बंद.

पाहुण्याने एक उघडून वितळवली. बावीस टक्के. दुसरी, पंचवीस. तो तडक गाडीत जाऊन बसला.

सुपरवायझर तरातरा आला. "हातमोजा काढा. तोंड भिंतीकडे. हात मागे." त्याने तिची मूठ मिटली. "सांगा, जाड की पातळ?"

काटा थांबली. टेबलाखालून बुटावर पाय आला. एकदा.

"पातळ," ती ठामपणे म्हणाली.

सगळी रांग फिदीफिदी हसली. तिने मूठ उघडून पाहिलं. हातात काहीच नव्हतं.

सून मात्र हसत नव्हती. "साहेब, किती दिवस मी झाकलं हो," ती डोळे पुसत म्हणाली. "पण मालाचं नुकसान कसं बघवेल? माझ्या हाताला कळतं. मी करू?"

काट्याने तोंड उघडलं. पण पायाचं सांगायचं म्हणजे वर्षभर आपणच सगळ्यांना फसवलं हे सांगायचं. तिने तोंड मिटलं.

"उद्यापासून टरफलं भरायला," सुपरवायझर म्हणाला. "रोजंदारीवर. तेही सुनेकडे बघून."

"आई, एप्रन द्या ना, तिकडे लागत नाही," सून म्हणाली.

काटा पाठीमागची गाठ चाचपत राहिली. बोटांना सापडेचना. मग सुनेने तिला खांद्याला धरून वळवलं, गाठ सोडली आणि एप्रन आपल्या कमरेला बांधला.