मेल्फीची चीजवाली

सांताक्रूझ शहराला आता आठ रिंग रोड झालेत, नववा होणार म्हणतात. मेल्फी सावसेदो लग्न होऊन इथे आली तेव्हा दुसऱ्या रिंग रोडच्या पलीकडे ऊस होता आणि उसात साप. आता तिथे सोयाबीनवाल्यांच्या काचेच्या इमारती आहेत. सापांचं काय झालं असं विचारलं, तर मेल्फीचा नवरा रोमुलो झोपाळ्यात पडल्या पडल्या सांगतो, ते टाय लावून आत बसलेत.

मेल्फीने मात्र आपलं अंगण आणि अंगणातली मातीची भट्टी सोडली नाही. दुपारी तीनला भट्टी पेटते, चारला कुन्यापे बाहेर येतात. साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचं पीठ, त्यात दुप्पट चीज, की झाला कुन्यापे. चार वाजता कॉफीबरोबर तो मिळाला नाही तर या शहरातल्या माणसाला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. बँकवाले, टॅक्सीवाले, पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सा, सगळे एका रांगेत उभे असतात. कोणाचीही गय नाही. एका निवृत्त न्यायाधीशालासुद्धा तिने "मागे हो रे पोरा" म्हणून रांगेच्या शेपटाला पाठवलं होतं, आणि तो गेला.

चीज येतं बाजारातून, ओतिलियाच्या ठेल्यावरून. बावीस वर्षं तिथूनच. आपल्या बाजारात ठरलेल्या दुकानदारणीला कासेरा म्हणतात आणि ठरलेल्या गिऱ्हाइकालाही कासेराच म्हणतात. लग्नासारखंच नातं आहे ते, फक्त यात नवरा कोण आणि बायको कोण हे ठरलेलं नसतं. कासेरा सोडून दुसरीकडे खरेदी केली तर अख्खा बाजार तोंडाला पदर लावतो. त्यातून ओतिलिया डोंगरातली, म्हणजे कोल्या, आणि मेल्फी मैदानातली, म्हणजे कांबा. कांबांच्या मते कोल्या चिक्कू, कोल्यांच्या मते कांबा आळशी. या दोघी बावीस वर्षं एकमेकींना हेच ऐकवत होत्या आणि त्यावाचून दोघींनाही करमत नव्हतं. एका कार्निव्हलला टवाळ पोरांनी ओतिलियाच्या चीजवर रंगाच्या बादल्या ओतल्या, तेव्हा मेल्फी हातातलं लाकडी फावडं घेऊन तीन गल्ल्या त्यांच्यामागे धावली होती. आळशी कांबा एवढी धावते हे ओतिलियाने तेव्हाच पाहिलं.

तर झालं असं, की यंदाच्या हिवाळ्यात दक्षिणेच्या बर्फाळ टोकाकडचा गार वारा येऊन गेला आणि त्यानंतर ओतिलियाचं चीज बिघडलं. कधी मिठाचा खडा, कधी नुसतं पाणी. कुन्यापे फुगायचे सोडून भट्टीत पसरायला लागले. एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "मावशी, याच्याबरोबर पाणी फुकट की वेगळे पैसे?" रांग तोकडी झाली. न्यायाधीश तर यायचाच बंद झाला. मेल्फीने एकदा भीत भीत ओतिलियापाशी विषय काढला, तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं चीज खारट? आधी आपली जीभ तपासून घे, म्हणाली.

मग मेल्फीने ते पाप केलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला तोमासा नावाच्या बाईकडून चीज घेतलं, पिशवीच्या तळाशी घातलं, वर केळी रचली आणि पिशवी छातीशी धरून, ओतिलियाला लांबून हात करत घरी आली. संशय नको म्हणून ओतिलियाकडूनही नावापुरता एखादा गोळा घेत राहिली. खाई त्याला खवखवे. पंधरा दिवस तिला धड झोप लागली नाही, पण कुन्यापे टम्म फुगायला लागले आणि न्यायाधीश परतला.

एक अडचण मात्र राहिली. दर गुरुवारी ठेला लवकर आवरून ओतिलिया स्वतः कॉफी प्यायला यायची. पहिला गुरुवार मेल्फीने डोकं दुखतंय म्हणून टाळला, पण दुसऱ्या गुरुवारी ती आलीच आणि भट्टीजवळच्या बाकावर बसली. ही बाई तुकडा जिभेवर ठेवून चीज कोणत्या वस्तीतलं, गाई कोणत्या चाऱ्यावर आहेत, हे सांगणारी. मेल्फीने बशी पुढे केली. बावीस वर्षांचं नातं आता एका घासावर होतं.

ओतिलियाने घास घेतला, सावकाश चावला.

"बघ," ती म्हणाली, "मीठ कसं बेताचं. माझं चीज कुठेही ओळखू येतं."

मेल्फीला हायसं वाटलं. इतकं की तिने आणखी दोन कुन्यापे बळेच तिच्या बशीत घातले. ती गेल्यावर रोमुलोने झोपाळ्यातून मान वर काढली आणि म्हणाला, कळलंय तिला सगळं, पण पोटात ठेवलंय. ओतिलियाच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती पोटात काय ठेवणार, असं मेल्फीने त्याला सुनावलं आणि ताटं घासायला बसली. तिसऱ्या ताटाला तिचा हात थांबला. कळलं असतं तर ती बोलली असती. मग तिला कळलं कसं नाही? मेल्फीला एकाएकी फार वाईट वाटलं, स्वतःच्या चोरीपेक्षाही जास्त.

शनिवारी पहाटे ती उठून बाजारात गेली. शहराबाहेर वस्त्या करून गाई पाळणाऱ्या मेनोनाईट पंथाच्या लोकांचा चीजचा ट्रक बुधवारी आणि शनिवारी त्याच वेळी येतो. आब्राम फेर, गोरापान, निळ्या डांगरीतला, चीज मांडलेल्या फळ्या उतरवत होता आणि ओतिलिया एकेका चीजचा तुकडा तोंडात टाकत होती. टाकायची आणि आब्रामच्या तोंडाकडे टक लावून बघायची. ती जिभेने नव्हे, त्याच्या चेहऱ्यावरून चीज निवडत होती. आणि आब्रामचा चेहरा म्हणजे लग्नात आणि मयतीत एकच. त्यावरून चीज ओळखायचं म्हणजे भिंतीला वेळ विचारण्यातला प्रकार.

मेल्फी पुढे झाली. फळीवरचा एक तुकडा मोडून तिने तोंडात टाकला.

"हे माझ्या भट्टीला चालायचं नाही," ती आब्रामला ऐकू जाईल असं म्हणाली. "तो मागचा गोळा दाखव. हं, हे घे कासेरा. आणि ते डावीकडचंसुद्धा. ते खारट आहे, ते राहू दे."

मेल्फीने सांगितलेले गोळे ओतिलियाने हातगाडीत रचले. दोघी गाडी ढकलत ठेल्यापर्यंत आल्या. ठेल्यावरचं कापड सोडताना ओतिलियाने पाठ फिरवूनच सांगितलं. तो गार वारा आला तेव्हा आठ दिवस ताप होता. ताप गेला आणि जाताना चव घेऊन गेला. मीठ नाही, आंबट नाही, कॉफी म्हणजे गरम पाणी. डॉक्टर म्हणतो येईल परत, कधी येईल ते सांगत नाही. जीभ गेलेल्या चीजवालीकडून कोण चीज घेणार, म्हणून पोटच्या लेकीलाही बोलले नाही.

आता आपलंही सांगून टाकावं म्हणून मेल्फीने तोंड उघडलं.

"कासेरा, मी पण तुला एक..."

"तोमासाचं ना? माहीत आहे. जीभ गेली, डोळे नाही गेले. केळ्यांखाली चीज लपवतेस आणि पिशवी तान्ह्या बाळासारखी धरतेस. सगळ्या बाजाराने बघितलं."

"मग परवा माझ्या अंगणात बसून माझं चीज, माझं चीज काय म्हणत होतीस?"

ओतिलियाने कापडाची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली.

"चव तर लागत नव्हती," ती म्हणाली. "म्हटलं, असेलही आज माझंच."

मेल्फीने एक गोळा उचलून ठेल्यावर नीट मांडला, मग दुसरा मांडला. सगळे मांडून झाल्यावर तिने विचारलं, बुधवारी ट्रक किती वाजता येतो.

"पहाटे साडेचारला," ओतिलिया म्हणाली. "पण तुम्ही कांबा लोक. तुला मी चारच सांगते."