चोवीस पोर्टांचा स्विच

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात. औषधांच्या दुकानांना माल पुरवायचा आणि दिवसभर बिलं बनवायची, एवढाच धंदा. सगळे कॉम्प्युटर ज्या डब्यातून एकमेकांना जोडलेले असतात, तो स्विच म्हातारा झाला होता. बिल अर्ध्यात अडकायचं, पलीकडे दुकानदार भडकायचा आणि शिव्या मी खायची. नवा निवडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. इतक्या वर्षांत मला नाही म्हणता आलेलं नाही.

नेटवर्कवाल्याने सरळ सांगितलं, जेवढी यंत्रं तेवढे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा. वर थोड्या रिकाम्या ठेवा, पुढे माणसं वाढतात. आम्ही सोळा जण, शिवाय प्रिंटर आणि कॅमेरे. म्हणजे चोवीसचा. साहेबांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "आठचा घ्या ना. पुरेल."

सोळा माणसांना आठ कसे पुरतील, हे मी विचारलं नाही. कळलंच. माणसं कमी होणार होती. बाजूच्या टेबलावरची माझी मैत्रीण उरलेल्यांत नसणार, हेही कळलं. ती राहते भांडुपला, मूळची मालवणकडची. नवरा घरी बसलेला, मुलगी बारावीला, आणि नव्या सॉफ्टवेअरशी तिचं काही केल्या जमत नव्हतं.

मग मी साहेबांचं डोकं खाल्लं. आठचा भरला की दुसरा जोडावा लागेल, बिघाड कुठे झाला ते शोधणार कोण, बिलं थांबली तर दुकानदारांना तुम्ही तोंड देणार का? शेवटी ते कंटाळले. "घ्या बाई, काय घ्यायचा तो घ्या." जागा आहेत म्हणजे माणसं राहतील, असं मी खरंच धरून चालले होते. आता त्याचं हसूही येत नाही.

आठची कुणकुण तिलाही लागलेली. "चोवीसचो घेतलंस? मगे बरा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यातून कोलंबीचं सुकं आणलं.

स्विच माझ्या समोरच्या भिंतीवर बसवला. कॉम्प्युटर चालू असला की त्याच्या पोर्टवर हिरवा दिवा लागतो. दिवाळी झाली आणि दिवे कमी व्हायला लागले. आधी वसुलीवाले गेले, मग ऑर्डर घेणारे, मग ती. जाताना तिने टेबल स्वच्छ पुसलं. "तू तरी काय करतलंस गो," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

परवा नेटवर्कवाला कॅमेरा बघायला आला होता. स्विचकडे बघून म्हणाला, "मॅडम, अर्ध्याहून जास्त रिकामा आहे की. आणि ही लाइन चालू कशी? त्या टेबलावर तर कोणी बसत नाही."

"असू दे रे," मी म्हटलं.

रोज सकाळी आल्यावर मी आधी तिचा कॉम्प्युटर सुरू करते, मग माझा.