शहरबानूच्या फुफ्फुसावरचा डाग

आखातातल्या हवल्लीत कोकणी माणसाला भूक लागली की त्याची पावलं शहरबानूच्या खोलीकडे वळत. खाणावळीला पाटी नव्हती. तळलेल्या पापलेटाचा वास गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राही, तेवढं पुरे. दुकानांतले सेल्समन, ड्रायव्हर, बंदरावरचे मजूर तांदळाच्या भाकरीसाठी सतरंजीवर मांडी घालून बसत. शहरबानू वाढे आणि वाढताना बोले. "काय रे, पगार झाला म्हणून चार भाकऱ्या? पोट तर मागच्याच महिन्यातलं आहे ना?" नवरा सिराज शुऐबाच्या बंदरावर क्रेन चालवी. तिथे तो टनावारी लोखंड उचली, घरात मात्र बायकोच्या शब्दावर चाले, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या स्तनात गाठ लागली. तिने लपवालपवी केली नाही. थेट राबियाला गाठलं. राबिया श्रीवर्धनकडची, सरकारी इस्पितळात नर्स. तिच्या भावाशी, मुनव्वरशी, शहरबानूच्या लेकीचं, कुबराचं, लग्न जवळपास ठरलेलं. साखरपुडा तेवढा बाकी होता.

तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. इंग्रज सर्जन म्हणाला, "लगेच कापू." मग छातीचा एक्स-रे फोटो किरणांनी उपचार करणाऱ्या इजिप्शियन डॉक्टरकडे गेला. डाव्या फुफ्फुसाच्या टोकाला पांढरा डाग होता. तो म्हणाला, "रोग छातीत पोचला. आता कापून बाईचे हाल करू नका. दुखणं कमी करण्यापुरते किरण देऊ." सर्जन वरच्या मजल्यावर, किरणवाला तळघरात. दोघांची मतं जिन्यातच एकमेकांना चुकवून जात होती.

"एक म्हणतो काप, दुसरा म्हणतो कापू नको," शहरबानू कडाडली. "मी माणूस आहे की सुरमई?"

राबिया हसली नाही. "खाला, बुधवारी सगळे डॉक्टर एका खोलीत बसतात. अडलेली केस असली की पेशंटलाही बोलावतात. तुमचं नाव घातलंय."

"गावची जमात निवाड्याला बसते तसं?"

"तसंच. फक्त इथे कोणी रागावून उठून जात नाही."

शहरबानू घरी येऊन पिठाची उकड मळत राहिली. तो डाग कसला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी तिला क्षय झाला होता. मिरजेजवळच्या सॅनिटोरियममध्ये ती वर्षभर पडून होती. बरी होऊन आली, तेव्हा घरच्यांनी गावात सांगितलं, पोर मावशीकडे राहिली होती. निकाह झाला, सिराजलाही तेच सांगितलं गेलं. क्षयाच्या घरातली मुलगी कोण करून घेतो? आणि आता त्या खोलीत तिचं बोलणं डॉक्टरांपर्यंत पोचवणार होती राबिया. गप्प राहिलं तर डाग कॅन्सरचा ठरणार, आणि सुरी तिच्यापर्यंत येणारच नाही. बोललं तर कुबराचं ठरलेलं मोडणार. मरण तिने मनात उलटंपालटं करून पाहिलं. ते बाजारातल्या शिळ्या माशासारखं निघालं. कुठूनही दाबा, बोट आत जाई.

बुधवारी खोलीत प्रकाशाच्या काचेवर तिची छाती टांगलेली होती. आपल्याच फासळ्या भिंतीवर पाहून तिला वाटलं, एवढंसंच घर आणि त्यात केवढी माणसं वावरली. राबिया शेजारी बसून एकेकाचं बोलणं तिला सांगत होती. सर्जन आणि किरणवाला आपापल्या मतावर घट्ट होते. तुकडा तपासणारा म्हणाला, रोग सावकाश वाढणारा दिसतो, इतक्यात छातीत जाईल असं वाटत नाही. मग छातीचे डॉक्टर, एक किडकिडीत लेबनीज गृहस्थ, उठून काचेजवळ गेले.

"डागाची कड पाहा. चुन्यासारखी कडक आहे. हा जुना असू शकतो. बाईंना पूर्वी काही झालं होतं का, हे कोणी विचारलंय?"

सर्जन म्हणाला, "मी गाठीबद्दल विचारलं." किरणवाला म्हणाला, "माझ्याकडे नुसता फोटो आला."

राबियाने विचारलं, "खाला, छातीचा आजार कधी झाला होता?"

शहरबानूने तिच्याकडे रोखून पाहिलं. "ऐकणार कोण? नर्स, की मुनव्वरची बहीण?"

"इथे नर्स. बाहेर गेल्यावरचं मला आत्ता सांगता येणार नाही."

हे उत्तर शहरबानूला आवडलं. गोड बोलली असती तर ती कदाचित गप्प बसली असती.

"क्षय झाला होता," ती म्हणाली. "वर्षभर झोपून होते. फुफ्फुसाला विसावा मिळावा म्हणून फासळ्यांमधून सुई घालून हवा भरत. इकडे." तिने हात डाव्या खांद्याखाली ठेवला. 'क्षय' या एका शब्दाशी राबियाचं इंग्रजी जरा अडखळलं, पण तिने तो गाळला नाही.

सगळ्यांचे डोळे तिच्या हातावरून काचेकडे गेले.

किरणवालाच आधी बोलला. "मी चुकलो. क्षय पुन्हा जागा झालेला नाही ना, थुंकी तपासा. स्वच्छ निघाली तर कापा, मागून किरण मी देतो." लेबनीज डॉक्टर सर्जनकडे वळले. "आणि भूल देणाऱ्याला आधी सांगा. हे फुफ्फुस पूर्ण चालत नाही." सर्जनने मान हलवली. हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

थुंकी स्वच्छ निघाली. ऑपरेशन झालं, किरण झाले. शहरबानू घरी परतली ती वाळली होती, पण आवाज शाबूत होता. एका शुक्रवारी तिने खाणावळ बंद ठेवली आणि सतरंजीवर सगळ्यांना बसवलं: सिराज, राबिया, मुनव्वर. कुबरा दारात उभी होती. शहरबानूने इस्पितळात सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. मुनव्वरचा चेहरा उतरला. बहीण त्याच्याजवळ यातलं एक अक्षर बोलली नव्हती.

"मला तर सांगितलं होतं, तू मावशीकडे होतीस," सिराज पुटपुटला.

"मावशी होतीच. शेजारच्या पलंगावर. ती परत आली नाही."

सिराजने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

मुनव्वर म्हणाला, "अम्मीला कळवावं लागेल, खाला."

"कळव. मी काय आता लपवणार आहे?"

"आणि मला कोण विचारणार?" दारातून कुबरा म्हणाली.

शहरबानू सरकली, आणि सतरंजीवर आपल्या बाजूला जागा करत म्हणाली, "खरंच गो, तुलाच विचारायचं राहिलं. ये, बस इथे. बोल."