गॅस जिथं वळसा घालतो

जिथं कंप्युटर राबतो आणि माणसं बसून असतात, तिथं किस्से साठतातच. आमचा एक रन, म्हणजे कंप्युटरवरचं एक आख्खं गणित, संपायला अकरा दिवस लागायचे. अकरा दिवस माणूस करणार काय? मी बारामतीच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते, तेव्हाची ही गोष्ट. मी, माझ्याबरोबरची मीनल, आमचे गाइड सर आणि कंप्युटर रूम सांभाळणारे आबा, एवढीच आमची दुनिया. हे किस्से सांगितले की लोक हसतात. हसा बापडे!

आधी काम काय होतं ते सांगते. विश्व अगदी तरुण असताना ज्या अवाढव्य दीर्घिका तयार झाल्या, म्हणजे ताऱ्यांची अफाट गावंच म्हणा, त्यांच्याभोवती गॅस कसा वाहत येतो, आत कसा शिरतो, बाहेर कसा फेकला जातो, ते आम्ही कंप्युटरवर घडवून बघायचो. शेवटी त्याची रंगीत फिल्म बनायची. गार गॅस निळा, तापलेला लाल.

*

लाइट गेली की सगळं बोंबललं! एकदा बॅटरीनं दगा दिला आणि नवव्या दिवशी रन बंद पडला. मी रडकुंडीला आले. सर शांतपणे म्हणाले, "देवाचं बरं होतं. त्याच्या वेळी लाइटच नव्हती, त्यामुळं जायचा प्रश्नच नाही!"

हसत हसत सतरावा रन लावला. त्यानंतर आम्ही फारसे हसलो नाही.

*

सतराव्या रनची फिल्म बघता बघता मीनल म्हणाली, "हे काय गं?"

निळ्या गॅसचा एक पट्टा सरळ दीर्घिकेकडं येत होता. मधेच तो वाकला, कशाला तरी वळसा घातला आणि परत सरळ झाला. ज्याला वळसा घातला, तिथं काहीच नव्हतं. तारा नाही, कृष्णविवर नाही. डोळ्यांना न दिसणारंही वस्तुमान असतं, तेही नाही. आकडे काढून बघितले. रिकामं!

"प्रोग्रॅममध्ये चूक आहे," सर म्हणाले.

मग सुरुवातीचे आकडेच बदलले. म्हणजे विश्वच दुसरं घेतलं म्हणा ना! अकरा दिवस थांबलो. नवी दीर्घिका आली, नवे प्रवाह आले. वळसा तिथंच होता.

मीनलनं त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

आबा डाळजचे. लहानपणी त्यांचं जुनं घर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि पुढं त्याच पाण्यावर त्यांनी आयुष्यभर होडी घालून मासे धरले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा आमच्याकडं आले. एकदा टेबल पुसता पुसता ते माझ्या स्क्रीनसमोर थांबले.

"ताई, हे पाणी कुठलं?"

"पाणी नाही आबा, गॅस आहे."

"आसंल. पर खाली कायतरी उभं हाय."

"काही नाही हो तिथं. रिकामं आहे."

आबा हसले. "जुन्या गावावरनं होडी न्हेताना वरनं कायबी दिसत न्हाय, ताई. पर पाणी आसंच वळतं. खाली घरांच्या भिंती हायत न्हवं! पाणी उगंच वळत न्हाय."

"मग तुम्ही काय करता तिथं?"

"तितं आमी जाळं टाकत न्हाय."

एवढं बोलून त्यांनी फडकं झटकलं आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले. एसी रोजच्याइतकाच होता, पण माझ्या अंगावर काटा आला.

*

आम्ही पडलो शिकलेली माणसं. आम्ही जाळं टाकलं!

गॅस कुठून कुठं जातो ते कळावं म्हणून त्यात खुणेचे कण सोडतात. त्यांना वजन नसतं, प्रत्येकाला फक्त एक नंबर असतो. त्या जागेजवळ असे एक हजार कण सोडले. रन संपल्यावर मोजले, तर एक हजार तीन!

मी तीनदा मोजले. मीनलनं दोनदा मोजले. सरांनी स्वतः मोजले आणि विचारलं, "या तिघांचे नंबर काय आहेत?"

"त्यांना नंबर नाहीत, सर."

सरांनी आधी फाइल बंद केली. मग म्हणाले, "डिलीट करा."

*

दुसऱ्या दिवशी सरांनी मला समोर बसवलं. माझी शेवटची मुदतवाढ संपत आली होती.

"फिल्मचा तेवढा कोपरा कापून टाक. कुणाला कळणार नाही."

"आणि ठेवला तर?"

"परीक्षक विचारतील, हे काय? आहे तुझ्याकडं उत्तर? नापास होशील. सहा वर्षं पाण्यात!"

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? काटेवाडीला घरी गेले आणि आईला सांगितलं की बहुतेक डिग्री मिळायची नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मिळंल न्हायतर न्हाय. पर दिसलं ते दिसलं न्हाय, आसं म्हणू नगंस."

मी आख्खी फिल्म ठेवली.

*

परीक्षक मॅडम लांबच्या एका मोठ्या संस्थेतून आल्या होत्या, मूळच्या सोलापूरच्या. भर दुपारची तोंडी परीक्षा. खोलीत त्या, सर आणि मी. फिल्म सुरू झाली, वळसा आला आणि मॅडमनी हात वर केला.

"थांबवा."

सर माझ्याकडं बघेनात. मी फिल्म थांबवली.

"हे कापलं नाहीत?"

"नाही मॅडम."

"का?"

"ते आहे म्हणून."

मॅडमनी बॅगेतून आपला लॅपटॉप काढला. "आमचा प्रोग्रॅम वेगळा, मशीन वेगळं, दीर्घिकाही वेगळी. चार वर्षं झाली, आम्ही हे कापूनच दाखवतोय."

त्यांनी आपली फिल्म माझ्या फिल्मला खेटून पडद्यावर लावली आणि दोन्ही एकदम सुरू केल्या. माझा गॅस डावीकडून वळत होता, त्यांचा उजवीकडून. मधे मिळून एकच काळी जागा राहिली होती, हळूहळू सरकणारी.

मॅडमनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "बंद करा आता."

मी दोन्ही फिल्म थांबवल्या. दोन्हीकडचा गॅस जागच्या जागी थबकला.

मधली काळी जागा मात्र सरकतच होती.